माळाला गवतच राहू द्या, गुरुजी

वाचकाचं पत्र: इंदापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित सात एकर जमीन आहे. दोन एकर काळी, बागायत; उरलेला पाच एकर मुरमाड माळ. मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. लहानपणी या माळावर चिंकारा दिसायचे, पायाखालून लावे भुर्रकन उडायचे. आता गवत खुरटलंय, मधूनमधून वेडी बाभूळ माजलीय. माझा भाचा अमेरिकेत कॅन्ससला असतो. तिथे लोक मुद्दाम देशी गवत पेरून पक्षी-प्राणी परत आणतात, असे फोटो त्याने पाठवले. 'स्विचग्रास' नावाच्या तिथल्या गवताचं बी घेऊन येतो म्हणतोय. गावातले म्हणतात, पडीक आहे तर झाडं लावा. धाकटा भाऊ म्हणतो, तार ओढा आणि मेंढरं बंद करा. सौ.ला सापांची आणि लांडग्याची धास्ती. गवत कोणतं लावू? बी कुठून आणू, कधी पेरू? माळ जाळावा का?
– एक निवृत्त शिक्षक

आदरणीय गुरुजी, नमस्कार.

गवत कोणतं लावायचं हे ठरवण्याआधी तुमच्या माळावर आज काय उभं आहे ते पाहू या. जे गवत तुम्हाला खुरटं दिसतंय, त्याच्या बुडख्यांत बहुतेक तेच देशी गवत अजून जिवंत असणार, जे तुमच्या लहानपणी मांडीला लागायचं. त्याला वर यायला सवड मिळालेली नाही. भर पावसात, कोवळी पात फुटली रे फुटली की ती खुडली जाते, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. त्यामुळे तुमचं पहिलं काम पेरणीचं नाही, राखणीचं आहे. पेरणी त्यानंतर, आणि तीही फक्त जिथे जमीन उघडी पडलीय तिथे.

भाच्याने पाठवलेले फोटो मात्र जपून ठेवा, कारण त्यांचा आणि तुमच्या माळाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. तिथे ज्यांना उष्ण हंगामातली देशी गवतं म्हणतात, ती बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास, लिटल ब्लूस्टेम, ही आपल्या पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळीची सख्खी भावकी आहे. ज्वारी, मका आणि ऊससुद्धा त्याच कुळातले. कडक उन्हात, थोड्या पाण्यात भराभर वाढायची ताकद या सगळ्यांच्या अंगात आहे. कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्स या भागात उंच गवताचा सलग पट्टा आजही उभा आहे, कारण तिथली जमीन इतकी दगडगोट्यांची की नांगर चाललाच नाही. बाकी अमेरिकेतला असा उंच गवताचा प्रदेश जवळजवळ सगळा मक्याखाली आणि सोयाबीनखाली गेला. चार टक्क्यांहूनही कमी उरलाय. तुमचा माळ टिकला तोही मुरमामुळेच. काळी असती तर तिथे आज ऊस असता.

पण बी? ते अजिबात आणू नका. भाच्याला प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. एक तर परदेशातून बी आणायला २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना लागतो; पिशवीतून आणायची ती वस्तू नव्हे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यामागचं कारण मोठं आहे. आपलं मारवेल, ज्याला गुरं जीव टाकतात आणि ज्याच्या ठोंबांची आपल्याकडे मुद्दाम लागवड होते, तेच गवत चाऱ्यासाठी म्हणून टेक्ससमध्ये नेलं गेलं. आज दक्षिण टेक्ससमध्ये ते उपद्रवी गवत म्हणून ओळखलं जातं. त्याने तिथली स्थानिक गवतं आणि फुलझाडं मागे रेटली, आणि तिथल्या बॉबव्हाइट नावाच्या लाव्याचा आसराच गेला. आपल्या अंजन गवताने ॲरिझोनाच्या वाळवंटात असाच गोंधळ घातलाय. तिथे एरवी क्वचित लागणारे वणवे त्याच्यामुळे वारंवार लागायला लागले. उलट बाजूने, तिकडून इकडे आलेलं गाजर गवत घ्या. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आज तुमच्या बांधावरही ते असेल. गवत चांगलं की वाईट हे ते कुठे उभं आहे यावर ठरतं. म्हणून तुमच्या माळासाठी बी हवं ते तुमच्याच शिवारातलं, फार तर शेजारच्या गावातलं.

आता पाहणीकडे वळू. हे काम सप्टेंबरच्या शेवटी करा, गवताला तुरे आले की. तुऱ्याशिवाय गवत ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. मारवेल ओळखायला सोपं: काडीच्या प्रत्येक पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि तुरा हाताच्या बोटांसारखा फाटलेला, जांभळट. पवन्याचा तुरा एकेरी, हिरवट-पांढरा, बारीक शेपट्यांचा. डोंगरीचा तुरा मोकळा, विखुरलेला, आणि प्रत्येक कणसुलीच्या (बी धरणाऱ्या बारीक कणसाच्या) तळाशी तांबूस-सोनेरी केस. उन्हं कलली की पूर्ण उतार त्याने उजळतो. कुसळी तर तुम्हाला ठाऊक असणार, धोतरात घुसून तिने लहानपणी रडवलं असेल. तिच्या काळपट शेपट्या टोकाला एकमेकींत गुंतून वेणी घालतात. त्यातलं एक सुटं कुसळ घ्या, तळहातावर ठेवा आणि वर पाण्याचा थेंब सोडा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि अख्खं कुसळ हातावर गरगर वळतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. टोकाला बी, बीला मागे वळलेले केस. ओलं-कोरडं होत होत ते बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं खुपसतं. नातवंडांना हे दाखवाच.

१९७३मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या गवताळ प्रदेशांची विभागणी केली, तेव्हा आपलं दख्खन पवन्या-मारवेलच्या पट्ट्यात बसवलं. म्हणजे चराई बेतात असेल, नांगर लागला नसेल, तर आपल्या माळावर ही दोन गवतं राज्य करतात. चराई वाढली की पहिल्यांदा पवन्या जातो, कारण तो गुरांना सर्वांत गोड. मग डोंगरी आणि कुसळी टिकून राहतात. अजून चेपलं की तीन शेपट्यांचं बारीक कुसळ आणि एका पावसात उगवून मरणारी बारकी गवतं उरतात, आणि शेवटी नुसता मुरूम. तुमच्या माळावर काय काय सापडतं यावरून तुम्ही या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर आहात ते कळेल. चांगली गोष्ट ही की राखण केली तर माळ याच पायऱ्यांनी परत वर चढतो. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजाच्या काही वस्त्यांनी असे गवताळ पट्टे स्वतः राखलेत, तिथे चराईला शिस्त लावलीय, आणि ज्याच्यासाठी तो भाग ओळखला जातो त्या तणमोर या दुर्मीळ पक्ष्याला त्यातून आसरा मिळतो.

पाहणी करताना एक दोरी घ्या, मीटरभर लांब-रुंद चौकोन जमिनीवर टाका, आणि त्यात वर्षानुवर्षं जगणाऱ्या गवताचे किती ठोंब आहेत ते मोजा. बुडखा हाताला टणक लागतो तो बारमाही. ओढल्यावर मुळासकट सहज हातात येतं ते हंगामी. असे चौकोन माळभर फिरून टाका. दोन-तीन बुडखे बहुतेक चौकोनांत सापडले तर त्या भागात बी पेरण्यावर एक रुपया खर्च करू नका.

आणि मग गुडघ्यावर बसा, डोकं जमिनीच्या पातळीला आणा आणि गवताच्या आत पाहा. मला या पत्रात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच आहे. पवन्या, डोंगरी, कुसळी ही सगळी ठोंबाने वाढणारी गवतं. वरून पाहिलं तर माळ दाट दिसतो, पण खाली दोन ठोंबांच्या मधे वीतभर मोकळी जमीन असते, वर पात्यांचं छप्पर. लाव्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की त्याच दिवशी आईमागे धावायला लागतात. ती धावतात ती याच बोळांतून. वरून शिक्रा त्यांना पाहू शकत नाही, आणि खाली त्यांना नाकतोडे, मुंग्या, किडे टिपायला मोकळी जागा मिळते. तितराच्या पिल्लांचं तेच, सरड्यांचं तेच, चंडोलाचं घरटंही ठोंबाच्या सावलीच्या बाजूला जमिनीतल्या खळग्यात असतं. आता याऐवजी तिथे पॅरा किंवा तत्सम आडवं पसरणारं गवत असतं, तर जमिनीवर नुसती गादी झाली असती. एवढंसं पिल्लू त्यात अडकतं, दवाने भिजतं, मरतं. अमेरिकेत हेच झालं: युरोपातून आणलेल्या फेस्क्यू गवताने कुरणं हिरवीगार दिसायला लागली आणि लावे नाहीसे झाले. भाच्याने ज्यांचे फोटो पाठवले ती माणसं ती गादी काढून पुन्हा ठोंबाचं गवत पेरतात. तुमच्याकडे ते अजून शाबूत आहे. म्हणून कुणी नेपियर, गिनी किंवा पॅरा गवताचे ठोंब फुकट देतो म्हणाला तर ते बागायतीच्या बांधावर गुरांसाठी लावा. माळावर पाऊलसुद्धा टाकू देऊ नका.

आता मेंढरं. धाकट्या भावाचं म्हणणं मला पटत नाही. तुमच्या भागातले बरेच धनगर दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा दुसऱ्या मुलखाला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे मेंढरं माळावर असतात ती नेमकी गवत वाढायच्या चार महिन्यांत. खरी अडचण त्या वेळेची आहे. मेंढरं कायमची बंद केली तर माळ सुधारतो असंही नाही. चार-पाच वर्षं कुणीच खाल्लं-कापलं नाही तर जुन्या वाळक्या पात्यांखाली नवा फुटवा गुदमरतो आणि काटेरी झुडपं वाढतात. त्यातून तार ओढली की चिंकारा बाहेर आणि तुमचं गावातलं बोलणं-चालणंही बाहेर. त्यापेक्षा दरवर्षी जे धनगर कुटुंब येतं त्यांच्याशी मृगाच्या आधी बसून बोला. पाच एकरांचे तीन भाग पाडा. एका भागात पावसाळ्यात मेंढरं फिरू देत. उरलेले दोन बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, बंद. पुढच्या वर्षी भाग बदलायचा. बी झडल्यावर ते कोकणात उतरायच्या आधी थोडे दिवस या दोनांपैकी एका भागातही मेंढरं घालता येतील. त्यांच्या खुरांनी बी जमिनीत दाबलं जातं, लेंडीखत पडतं. बदल्यात त्यांना काळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचं बोलावणं द्या, शिधा द्या, रीत आहे ती पाळा. जुन्या काळी गावची कुरणं अशीच राखली जायची. कुसळी फार माजली तर लोकरीत आणि कातडीत घुसते म्हणून तेच तुम्हाला सांगतील की हा तुकडा तुरे यायच्या आधी चारू द्या. ऐका त्यांचं. या माळाची त्यांना आपल्याहून जास्त माहिती आहे.

पेरणीचं थोडक्यात सांगते. जिथे चौकोनात बुडखाच नाही अशा उघड्या जागा निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या बांधावरून, रस्त्याकडेच्या पट्ट्यातून, ओळखीच्या राखीव कुरणातून पिकलेले तुरे हाताने ओरबाडून घ्या. वनविभागाच्या हद्दीतून घ्यायचं असेल तर विचारून. तुरा वरच्या टोकापासून झडायला लागला की बी तयार. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत किंवा गोणीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. या गवतांचं ताजं बी नीट उगवत नाही, सहा-आठ महिने विसावा मिळाला की उगवण सुधारते. म्हणजे हिवाळ्यात गोळा केलेलं बी पुढच्या मृगाला अगदी वेळेवर येतं. मे महिन्यात शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहून ठेवा, कारण निम्म्या कणसुल्या पोकळच निघतात. साधारण एकरी दोन ते अडीच किलो बी पुरतं. बी हलकं, केसाळ, वाऱ्याने उडणारं आणि मुंग्यांना आवडणारं, म्हणून माती आणि चाळलेलं शेणखत यात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि पहिला चांगला पाऊस झाला की फेका. जमीन कुदळीच्या टोकाने नुसती ओरखडा. बी सेंटिमीटरभराच्या खाली गेलं तर वर यायचं नाही. वरून बोरीची काटेरी फांदी एकदा ओढली की झालं. मारवेलचं मात्र बियांपेक्षा ठोंब लावणं सोपं: जुलैत बांधावरचा ठोंब खणा, मुळांसकट फोडून दोन-दोन काड्या फूट-दीड फुटावर लावा. त्याला थोडी खोल, ओल धरणारी जागा आवडते, म्हणून ते उताराच्या तळाशी लावा. डोंगरी आणि पवन्या वरच्या मुरमाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून निवडलेले मारवेलचे वाण मिळतात, चाऱ्यासाठी ते उत्तम आहेत, पण माळासाठी मी गावच्या ठोंबालाच पसंती देईन. पहिल्या वर्षी पेरलेलं गवत बोटभरच दिसेल, ते खाली मुळं सोडत असतं. ते वाया गेलं असं समजून त्यावर नांगर फिरवू नका. तिसऱ्या पावसाळ्यात बोलू.

नांगरावरून आठवलं: माळावर ट्रॅक्टर नको, तलावातला गाळ नको, युरिया नको. सुपीकता वाढली की तण आणि गाजर गवत पहिल्यांदा उठतं. माळाच्या गवताला हलकी जमीनच मानवते. आणि 'पाणी अडवा' म्हणून जेसीबी लावून सलग समतल चरही खोदू नका. बागायतीच्या किंवा उघड्या बोडक्या उतारावर चरांना अर्थ आहे. जिथे गवताचे बुडखे जिवंत आहेत तिथे तोच बुडखा पाणी धरतो, आणि चर खोदताना तो आधी उखडला जातो.

झाडांबद्दल गावकऱ्यांना दुखवू नका, त्यांचा हेतू चांगलाच आहे. झाडं लावायचीच असतील तर विहिरीजवळ, बागायतीच्या कडेला, शाळेच्या आवारात लावा. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य) लिहिलं म्हणून माळ ओसाड होत नाही. तुमच्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. एवढ्या पावसात या जमिनीवर हजारो वर्षं गवतच उभं राहिलंय, मधे एखादा हिवर, एखादी बाभूळ, बोराटीची जाळी. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल ही पाखरं उघड्यावर अंडी घालतात, कारण चहूबाजूंनी शत्रू येताना दिसला पाहिजे. तिथे गिरीपुष्पाच्या किंवा सुबाभळीच्या ओळी लागल्या की सावलीत गवत विरळ होतं, कावळ्यांना आणि शिकारी पाखरांना बसायला फांद्या मिळतात, आणि अंडी-पिल्लं संपतात. आहेत ते हिवर आणि बोराटी मात्र तोडू नका. बोराटीखाली ससा दुपार काढतो, आणि खोकड बोरं खाऊन तिचं बी माळभर पेरतं.

वेडी बाभूळ काढावीच लागेल, पण एका दमात नको. आज चिंकाऱ्याला आणि तितराला लपायला तेवढंच उरलं असण्याची शक्यता आहे. दरवर्षी एक भाग घ्या. नुसतं तोडलं तर एका खोडाचे दहा फुटवे येतात, म्हणून पावसाने जमीन मऊ झाल्यावर बुंध्याभोवती वीत-दीड वीत खणून खालच्या गड्ड्यासकट काढा. तिच्या शेंगा शेरडं-मेंढरं आवडीने खातात आणि बी लेंड्यांतून सगळीकडे पडतं, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक पावसानंतर फेरी मारून रोपं उपटत राहावं लागेल. कंटाळवाणं काम आहे. त्याला दुसरा उपाय नाही.

कापणीचं गणित मेंढरांच्या तीन भागांशीच जुळवा. चारा म्हणून गवत सर्वांत पौष्टिक असतं ते फुलोऱ्यात, आणि बी मिळतं ते त्यानंतर महिनाभराने. दोन्ही एकाच तुकड्यातून मिळणार नाही. बंद ठेवलेल्या दोन भागांपैकी एक बी झडल्यावर, जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून कापा. पेंढ्या विकल्या तर राखणीचा खर्च सुटेल. फुलोऱ्यातला हिरवा चारा हवाच असेल तर त्यातलीच एक पट्टी आधी कापा, पण कापण्याआधी आत चालत जाऊन लाव्याचं घरटं नाही ना ते पाहा. दुसरा भाग पुढच्या पावसापर्यंत तसाच उभा. वाळलेलं गवत उभं ठेवणं म्हणजे नासाडी, असं घरातले म्हणतील. थंडीत मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आपल्या माळांवर येतात, दिवसभर नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता अशा उभ्या वाळक्या गवतात जमिनीवरच झोपतात. सगळं गवत नोव्हेंबरमध्ये कापलं गेलं तर त्यांना उतरायला जागाच नाही. उंच, मध्यम आणि आखूड असं तिन्ही प्रकारचं गवत पाच एकरांत एकाच वेळी असलं पाहिजे. धाविकाला आखूड आणि दगडाळ लागतं, लाव्याला उंच.

आणि जाळू नका. कॅन्ससमध्ये वसंतात माळ जाळतात हे खरं आहे, पण तिथे आपल्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो, जाळण्याआधी जाळरेषा, पाणी आणि माणसं सज्ज असतात, आणि तिथली गवतं-पाखरं त्या चक्राला सरावलेली आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो तेव्हा माळटिटवी आणि चंडोल घरट्याच्या तयारीत असतात, पुढचे तीन महिने सावलीचं पातं उरत नाही, आणि आग शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला लागली तर सगळा गाव उलटतो. 'जाळलं की नवं गवत जोमात येतं' हे डोळ्यांना तसं दिसतं, कारण काळ्या जमिनीवर हिरवं उठून दिसतं. डिसेंबरअखेर रस्त्याच्या बाजूने आठ-दहा फुटांचा पट्टा जमिनीसरशी कापून साफ ठेवा. रस्त्यावर टाकलेल्या बिडीच्या थोटकातूनही आग लागते.

सौ. वहिनींना सांगा, लांडगा माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, त्याचं लक्ष मेंढराकडे असतं, आणि धनगर त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. जनावर मारलं तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. धास्ती घ्यायचीच तर मोकाट कुत्र्यांची घ्या: चिंकाऱ्याची पाडसं आणि जमिनीवरची घरटी कुत्रीच संपवतात, आणि खोकडांना त्यांच्याकडून रोग लागतात. उष्टं-खरकटं माळाच्या कडेला टाकू नका. साप राहणारच, घोणसही असेल. घराभोवतीचा पट्टा आणि येण्याजाण्याची पायवाट कायम कापून ठेवा, रात्री बॅटरी आणि पायात बूट, आणि दंश झालाच तर वेळ न घालवता प्रतिसर्पविष असलेला सरकारी दवाखाना गाठायचा.

पाच एकरांत काय परत येईल? दोन-तीन पावसाळ्यांत लावे, तितर, चंडोल, ससे आणि सरडे, याची मला खात्री वाटते. खोकडाने बीळ केलं तर फार चांगलं लक्षण. चिंकारा तुमच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला मैलोन्‌मैल मोकळा माळ लागतो. पण तुमच्या तालुक्यात तो अजून आहे, आणि शेजारच्या दोन-चार मालकांनी असंच राखलं तर तुमचा तुकडा त्याच्या वाटेवर येईल. माळढोकाची आशा मी दाखवणार नाही. देशात ते दीडशेच्या आसपास उरलेत आणि बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. राखलेला माळ कसा दिसतो हे आधी पाहायचं असेल तर लांब जाऊ नका: कडबनवाडी तुमच्याच तालुक्यात आहे, बारामतीतलं शिरसुफळ आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जवळच. भावाला आणि त्या धनगर कुटुंबातल्या एखाद्या जाणत्याला बरोबर घेऊन सप्टेंबरमध्ये जा, आणि तिथलं कोणतं गवत तुमच्या माळावरही आहे ते त्या जाणत्याला विचारा.

तुरे आले की प्रत्येक प्रकारच्या गवताचे तीन फोटो मला पाठवा: एक तुऱ्याचा, एक पेऱ्याचा, एक बुडख्याचा. नावं लिहून पाठवते, मग कोणत्या भागात बी टाकायचं ते ठरवू.